श्वासवाटेवरची पाच मिनिटे

1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरला माणसाच्या जठरात सरळ, कडक नळी घालून आत पाहायचे होते. असली नळी गिळायला तयार होईल असा रुग्ण कुठून आणायचा? कुसमाउलने तलवारी गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाला गाठले. तो मान मागे टाकायचा, घसा सैल सोडायचा आणि नळी आत जाऊ द्यायचा. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याने स्वतःच्या घशाला जे शिकवले होते, ते बाकीच्यांच्या घशाकडून औषधाने करून घ्यायला वैद्यकाला पुढची ऐंशी-नव्वद वर्षे लागली.

घशाची अडचण अशी की पाहुण्याला आत न घेणे हेच त्याचे काम. जिभेच्या मुळाशी काही टेकले की उमासा, स्वरयंत्राला स्पर्श झाला की ठसका, आणि त्याहून आत जायचा प्रयत्न केला तर स्वरतंतू एकमेकांना घट्ट चिकटून वाटच बंद. हे स्नायू सैल करणारे औषध दिले तर वाट मोकळी होते खरी, पण ज्या स्नायूंनी श्वास चालतो तेही त्याच औषधाने थांबतात. पोटाच्या शस्त्रक्रियेत यावर तोडगा सोपा आहे, भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतो आणि यंत्राने श्वास देतो. स्वरयंत्राची किंवा श्वासनलिकेची तपासणी करताना मात्र तीच वाट कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दुर्बिणीसाठी हवी असते. वाट एक आणि दावेदार दोन. त्यामुळे या कामासाठी औषध निवडताना ते स्नायूंना किती घट्ट पकडते याहून ते सोडते केव्हा, हा प्रश्न मोठा ठरला. या औषधांचा सगळा इतिहास मला तरी या सोडण्याचाच इतिहास वाटतो.

घशात डोकावण्याची सुरुवात एका गायनशिक्षकापासून होते. मान्युएल गार्सियाने 1854 साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा त्यावरचा निबंध वाचला गेला. आरशातले हे प्रतिबिंब होते. स्वरयंत्र थेट डोळ्यांनी पाहण्याची पद्धत बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइनने 1895 साली दाखवली. दोनच वर्षांनी, पुन्हा फ्रायबुर्गमध्येच, गुस्टाव किलियानने 63 वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा वरून नळी घालून बाहेर काढला. ब्रॉन्कोस्कोपीचा जन्म तो हाच. हे काम कोकेनवर झाले. कोकेन घशाला बधिर करते, सैल करत नाही. शेतकरी धीराचा होता, किलियानचा हात हलका होता, म्हणून निभावले.

अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सनने ही विद्या कळसाला नेली. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या 2,374 वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आजही आहेत: सेफ्टी पिना, नाणी, बटणे, खेळण्यांचे तुकडे. लहान मुलांना भूल देण्याच्या जॅक्सन विरोधात होता. मुलाला कापडात घट्ट गुंडाळायचे, एका मदतनिसाने डोके ठरावीक उंचीवर धरायचे आणि काम उरकायचे. आज हे क्रूर वाटते. पण त्या काळी भूल म्हणजे ईथर, आणि ठसका पूर्ण बंद होईल इतके खोल ईथर देताना रुग्ण मरणाच्या दारापर्यंत जायचा. शिवाय दुर्बीण आत घालायची तर तोंडावरचा मुखवटा काढावा लागायचा, आणि मुखवटा निघताच भूल उतरायला लागायची. नेमकी नळी स्वरतंतूंपाशी पोहोचते न पोहोचते तोच तंतू आवळले जायचे. जॅक्सनचा हट्ट अडाणीपणाचा नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

स्नायू सैल करणारे द्रव्य तोपर्यंत युरोपला चांगलेच ठाऊक होते. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी ते बाणाच्या टोकाला लावून शिकार करत. यॉर्कशरचा विक्षिप्त जमीनदार चार्ल्स वॉटर्टन 1812 साली गयानाच्या जंगलात भटकून हे विष घेऊन आला. त्याच्या तोंडी त्याचे नाव वूराली, नंतर रूढ झालेले नाव क्युरारे. 1814 साली लंडनमध्ये एका गाढविणीच्या खांद्यात ते टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात झाली. दोन तासांनी तिने मान वर करून इकडेतिकडे पाहिले. भाता थांबवला, तर पुन्हा कोसळली. परत भाता सुरू झाला तो आणखी दोन तास न थांबता. मग मात्र ती उठून उभी राहिली. वूरालिया असे तिचे नाव ठेवले गेले आणि वॉटर्टनच्या वाड्याच्या कुरणात ती 1839 पर्यंत सुखाने चरली. श्वास दुसऱ्याने चालवला तर हे विष मारत नाही, आपोआप उतरते, एवढी गोष्ट त्या दिवशी स्वच्छ सिद्ध झाली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिचा सर्रास उपयोग व्हायला मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात फ्रान्समध्ये क्लोद बर्नारने बेडकांवर प्रयोग करून दाखवले की क्युरारेने मज्जातंतू मरत नाही आणि स्नायूही मरत नाही, दोघांमधला निरोप तेवढा तुटतो. हा निरोप पोहोचवणारा रेणू म्हणजे ॲसिटिलकोलिन. स्नायूवर त्याच्यासाठी राखीव खुर्च्या असतात असे समजा. क्युरारे त्या खुर्च्यांवर नुसते बसून राहते. काम करत नाही आणि दुसऱ्याला बसूही देत नाही. 1912 साली लाइपझिगच्या आर्थर लेवेनने भुलेबरोबर त्याचा थोडा वापर केला, पण माल मिळेना आणि गोष्ट तिथेच थांबली. 1935 साली लंडनच्या हॅरॉल्ड किंगने संग्रहालयातल्या बांबूच्या नळीतल्या जुन्या नमुन्यापासून शुद्ध ट्युबोक्युरारीन वेगळे केले. 1938 साली रिचर्ड गिल हा अमेरिकन इक्वेडोरच्या जंगलातून क्युरारेचा मोठा साठा घेऊन परतला. स्वतःच्या आजारात आखडलेल्या स्नायूंवर उपाय सापडेल ही त्याची आशा होती. त्या साठ्यावरून स्क्विब कंपनीने इंटोकॉस्ट्रिन नावाचे प्रमाणित औषध बनवले. मनोरुग्णांना झटके देताना हाडे मोडू नयेत म्हणून ते आधी वापरले गेले. भूलतज्ज्ञांनी मात्र हात आखडता घेतला. आयोव्हाच्या स्टुअर्ट कलनने कुत्र्यांवर वापरून पाहिले तर त्यांच्या श्वासनलिका आवळल्या गेल्या. औषधाने शरीरातले हिस्टामिन बाहेर पडते, त्याचा हा परिणाम.

23 जानेवारी 1942 रोजी माँट्रिआलच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि त्याची सहकारी एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका तरुण प्लंबरला सायक्लोप्रोपेनच्या भुलेत इंटोकॉस्ट्रिन दिले. पोट मऊ पडले, रुग्ण सुखरूप घरी गेला. ग्रिफिथचे यश औषधाइतकेच त्याच्या सवयीचे होते. श्वासनलिकेत नळी घालण्यात तो आधीपासून वाकबगार होता, त्यामुळे श्वास थांबला तर काय, या प्रश्नाने त्याची झोप उडत नव्हती.

लिव्हरपूलच्या सेसिल ग्रे आणि जॉन हॅल्टन यांनी 1946 साली हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव मांडला: झोपेसाठी पेंटोथाल, सैल पडण्यासाठी ट्युबोक्युरारीन, दोन्हींचे प्रमाण बेताचे. ईथरच्या खोल भुलेची गरजच संपली. त्याच सुमारास एक भयंकर शंका पुढे आली होती. हालचाल बंद म्हणजे जाणीव बंद असे कशावरून? लंडनच्या फ्रेडरिक प्रेस्कॉटने भुलेविना स्वतःला ट्युबोक्युरारीन टोचून घेतले. 30 मिलिग्रॅमला त्याचा श्वास थांबला, आपल्याच लाळेत बुडून गुदमरल्यासारखे त्याला वाटत होते आणि ते सांगायला जीभ हलत नव्हती. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या स्कॉट स्मिथने श्वास थांबवायला लागते त्याच्या अडीचपट मात्रा घेतली आणि नंतर त्या काळात आजूबाजूला काय बोलले गेले ते सांगितले. मेंदू पूर्ण जागा होता. या दोघांचे उपकार भुलेच्या प्रत्येक रुग्णावर आहेत. दुर्बिणीच्या तपासणीत तर फारच, कारण कडक दुर्बीण आत असताना नाकातोंडावाटे भुलेचा वायू नेमक्या मापात देता येत नाही. झोपेचे औषध शिरेतून अखंड चालू ठेवावे लागते. तिथे खंड पडला आणि रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करणारे औषध, मात्र टिकून राहिले, तर रुग्ण प्रेस्कॉट होतो.

ट्युबोक्युरारीनवर ब्रॉन्कोस्कोपी करून पाहिली गेली, पण हिशेब जुळेना. औषध चढायला काही मिनिटे, तपासणी पाचसात मिनिटांची, आणि औषध उतरायला अर्धा तास किंवा जास्त. डॉक्टर दुर्बीण पुसून निघून गेला तरी भूलतज्ज्ञ पिशवी दाबत बसलेला. उतारा म्हणून निओस्टिग्मीन होते, पण स्नायू पूर्ण पकडलेले असताना ते चालत नाही. अर्धवट उतरलेल्या औषधासह रुग्ण वॉर्डात जायचा आणि तिथे घशात लाळ साचून, श्वास कमी पडून दगावायचा. 1954 साली बोस्टनचे हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुलांचा हिशेब मांडला. रिलॅक्संट न दिलेल्यांत भुलेशी जोडलेला मृत्यू 2,100 मध्ये एक, दिलेल्यांत 370 मध्ये एक. या आकड्यांवर वर्षानुवर्षे वाद झाला. औषध विषारी की वापरणारे हात कच्चे? हात कच्चे, असेच बहुतेकांचे मत पडले आणि मलाही ते पटते. श्वास परत आला की नाही हे पाहायची शिस्त तेव्हा नव्हती.

दुर्बिणीच्या कामाला जे औषध हवे होते, ते कपाटात 1906 सालापासून पडून होते. अमेरिकेतल्या रीड हंट आणि रने टॅव्हो यांनी कोलिनची अनेक संयुगे रक्तदाबावरच्या परिणामासाठी तपासली, त्यांत सक्सिनिलकोलिनही होते. पण प्रयोगाचे प्राणी हलू नयेत म्हणून त्यांना आधीच क्युरारे दिलेले. स्नायू अगोदरच लुळे, मग नव्या औषधाने ते लुळे पडतात हे दिसणार कसे? विज्ञानाच्या इतिहासात याहून सरळसाधी हुकलेली संधी मला तरी आठवत नाही. 1949 साली रोममध्ये दानिएल बोव्हे आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा उघडे केले आणि 1951 मध्ये स्टॉकहोम, व्हिएन्ना आणि लंडन इथल्या डॉक्टरांनी ते रुग्णांना दिले. बोव्हेला 1957 चे नोबेल मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता.

या औषधाची शास्त्रीय नावे सक्सामेथोनियम, सक्सिनिलकोलिन अशी लांबलचक. आपल्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्याला एका कंपनीने दिलेल्या व्यापारी नावावरून स्कोलीनच म्हणतात. रेणू म्हणजे दोन ॲसिटिलकोलिन पाठीला पाठ लावून जोडलेले, बस्स. त्यामुळे ते खुर्चीवर बसल्याबरोबर आधी निरोप देते आणि मग अडवून धरते. पाहणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसते: पापण्या थरथरतात, मग चेहरा, मान, छाती, आणि ती लाट पायाच्या बोटांपर्यंत सरकत जाऊन विरते. लाट विरली की जबडा सैल, स्वरतंतू उघडे आणि स्थिर. इंजेक्शन दिल्यापासून मिनिटभर. रक्तातले कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करत असते, म्हणून पाच ते दहा मिनिटांत श्वास आपला आपण परत. शोधायला गेले तरी दुर्बिणीच्या तपासणीसाठी याहून बेतशीर औषध मिळाले नसते.

पण अवगुणही तितकेच. दुसऱ्या दिवशी रुग्णाचे अंग ठेचून काढल्यासारखे दुखते, आणि हे दुखणे पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर हिंडू-फिरू लागणाऱ्यांना जास्त. दुर्बीण करून संध्याकाळी घरी जाणारा नेमका त्यांतलाच. तपासणी लांबली आणि दुसरी मात्रा दिली तर नाडी अचानक मंदावते, मुलांत तर थांबण्याइतकी, म्हणून ॲट्रोपीन हाताशी लागते. भाजलेल्या किंवा लकवा झालेल्या माणसाच्या स्नायूंतून पोटॅशियम असे काही उसळते की हृदय बंद पडते. मुलांमध्ये स्नायूंचा वंशागत आजार अजून उघडकीला आलेला नसेल तर तेच होते. असे मृत्यू पुढे आल्यावर 1990 च्या दशकात अमेरिकेत मुलांबाबत ठळक इशारा छापणे भाग पडले. घातक ज्वराचा झटका काही घराण्यांत येतो, तो वेगळाच.

सगळ्यांत विचित्र प्रकार 1952 च्या सुमारास दिसू लागला. काही रुग्णांचा श्वास दहा मिनिटांत परत येईना. तास, दोन तास, चार तास. हरमन लेहमान आणि इतरांनी दाखवले की अशांच्या रक्तात कोलिनेस्टरेज कमी असते. 1957 साली टोरोंटोच्या व्हर्नर कालोने डिब्युकेन नावाच्या औषधाने हे विकर पारखण्याची युक्ती काढली. सर्वसाधारण माणसाचा आकडा ऐंशीच्या आसपास, दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्याचा वीसच्या. औषधाचा परिणाम माणसाच्या जनुकावर ठरतो, हे सांगणारी वैद्यकातली ही अगदी सुरुवातीची उदाहरणे. त्यांचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. आंध्र, तेलंगण आणि आपल्या मराठवाड्यातही असलेल्या आर्य वैश्य समाजात हे विकर जवळजवळ नसण्याचे प्रमाण जगात इतरत्र आढळते त्याच्या कितीतरी पट आहे. समाजांतर्गत विवाहांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या चालीने हे जनुक टिकून राहिले. अशी माणसे एरवी ठणठणीत असतात. स्कोलीन दिले जाईपर्यंत त्यांना स्वतःलाही कळायला मार्ग नाही. म्हणून या भागातला जाणता भूलतज्ज्ञ घरात कुणाला भुलेनंतर यंत्रावर ठेवावे लागले होते का, हे आवर्जून विचारतो. चुकून दिलेच गेले तरी उपाय गाढविणीचाच: झोपेचे औषध चालू ठेवायचे आणि उतरेपर्यंत श्वास देत राहायचा.

स्कोलीनने डॉक्टरला मिनिटे मिळवून दिली, पण त्या मिनिटांत रुग्णाला प्राणवायू कसा पोहोचवायचा, हे राहिलेच होते. पहिले उत्तर चमत्कारिक होते: नळीतून नुसता प्राणवायू सोडून ठेवायचा, छाती हलवायचीच नाही. फुप्फुसांतून रक्त प्राणवायू शोषून घेते आणि मागून नवा आपोआप ओढला जातो. 1959 साली न्यूयॉर्कच्या फ्रूमिन आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांना असे ठेवून पाहिले, त्यांत सर्वांत जास्त 53 मिनिटे. प्राणवायू पुरला. पण बाहेर न पडलेला कार्बन डायऑक्साइड एका रुग्णात 250 मिलिमीटरवर गेला, म्हणजे नेहमीच्या सहापट. असे प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. 1967 साली सँडर्स या डॉक्टरने कडक दुर्बिणीच्या तोंडाशी बारीक सुई बसवून दाबाखालच्या प्राणवायूचा झोत सोडला. झोत भोवतालची हवा ओढत आत जातो, छाती वर येते, आणि दुर्बिणीचे तोंड उघडेच असल्याने डॉक्टरला पाहायला अडथळा नाही. जेट म्हणतात ते हेच. मात्र जेट चालवायचा तर स्वरतंतू उघडे आणि निश्चल हवेत. ते मिटले तर आत गेलेली हवा बाहेर पडायला वाट नाही आणि फुप्फुस फुटते. म्हणजे जेट आल्यावर रिलॅक्संटची गरज कमी न होता वाढली.

आता पाच मिनिटांचे औषध अपुरे पडू लागले. कोलोनच्या ऑस्कर क्लाइनसासरने स्वरतंतूंवर सूक्ष्मदर्शकाखाली काम करायची पद्धत बसवली होती. त्यात तंतू केसभरही हलून चालत नाही आणि काम अर्धा-पाऊण तास चालते. स्कोलीनच्या मात्रांवर मात्रा देत राहणे धोक्याचे, आणि पँक्युरोनियम हे दुसरे रिलॅक्संट तासाच्या पुढे रेंगाळणारे. 1980 च्या दशकात ॲट्रॅक्युरियम आले. ते शरीराच्या उष्णतेने आणि रक्ताच्या आम्लतेच्या नेमक्या पातळीवर आपोआप विघटित होते, मूत्रपिंड-यकृत कसेही असोत. ग्लासगोच्या जॉन स्टेनलेकची ही करामत. अर्ध्या तासाच्या कामाला ते उत्तम, फक्त चढायला दोन-तीन मिनिटे आणि अंगावर हिस्टामिनची लाली. मिव्हाक्युरियम पंधरा-वीस मिनिटांत उतरायचे, कागदावर अगदी दुर्बिणीसाठीच बनवल्यासारखे. पण चढायला सावकाश, आणि तोडणारे विकर तेच कोलिनेस्टरेज, म्हणजे स्कोलीनचा जुना धोका इथेही.

माँट्रिआलमध्येच, ग्रिफिथनंतर पन्नासेक वर्षांनी, फ्रांस्वा डोनाटी आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. रिलॅक्संट किती चढले हे भूलतज्ज्ञ मनगटावरच्या मज्जातंतूला विजेचा हलका धक्का देऊन अंगठा किती हलतो त्यावरून मोजतात. पण स्वरयंत्राचे स्नायू अंगठ्याचे ऐकत नाहीत. तिथे औषध आधी पोहोचते, पण पकड कमी बसते, आणि सुटतेही आधी. अंगठा मेल्यासारखा पडलेला असताना स्वरतंतू हलू लागलेले असू शकतात. वर्षानुवर्षे शल्यविशारद "हलतंय" म्हणून ओरडायचा आणि भूलतज्ज्ञ अंगठ्याकडे बोट दाखवून "शक्यच नाही" म्हणायचा. त्या भांडणात शल्यविशारद बरोबर होता, हे मान्य करायला भूलशास्त्राला बराच उशीर झाला.

स्कोलीनइतके झटपट, पण त्याच्या अवगुणांविना, असे औषध शोधताना एक उफराटा नियम हाती लागला होता. ग्लासगोच्याच विल्यम बोमनने दाखवले की या घराण्यात औषध जितके कमजोर तितके जलद. कमजोर औषधाचे रेणू भरपूर द्यावे लागतात, म्हणून ते स्नायूपाशी लवकर गर्दी करतात. या नियमाची दोन अपत्ये. पहिले रोक्युरोनियम, 1994 च्या सुमारास बाजारात आलेले. किलोमागे 1.2 मिलिग्रॅम दिले तर मिनिटभरात स्कोलीनच्या तोडीला, पण मग तासभर उतरत नाही. दुसरे रॅपाक्युरोनियम, 1999 मध्ये आलेले. जलद चढणारे आणि लवकर उतरणारेही. वाटले, शोध संपला. मग रुग्णांच्या, विशेषतः मुलांच्या, श्वासनलिका अचानक घट्ट आवळल्या जाण्याच्या बातम्या येऊ लागल्या, काही दगावले, आणि मार्च 2001 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. श्वासवाट उघडण्यासाठी आणलेले औषध आणखी खोल जाऊन तीच वाट बंद करत होते.

यानंतर सुटका आली ती औषध बदलून नव्हे, उतारा बदलून. स्कॉटलंडमधल्या न्यूहाउस इथल्या ऑर्गेनॉन या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत आन्टोन बोम रोक्युरोनियम पाण्यात नीट विरघळावे म्हणून साखरेच्या रेणूंची कडी तपासत होता. आठ साखररेणूंच्या एका कड्याने रोक्युरोनियमचा रेणू असा आत ओढून घेतला की सोडीचना. बोमच्या ध्यानात आले की हा तर उतारा आहे. सुगामॅडेक्स युरोपात 2008 मध्ये मंजूर झाले. अमेरिकेने ॲलर्जीच्या शंकेने अडवून ठेवले, ते 2015 च्या डिसेंबरपर्यंत. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत रोक्युरोनियमची मोठी मात्रा देऊन तीन मिनिटांनी सुगामॅडेक्स दिलेल्यांचे स्नायू पहिली हालचाल दाखवायला सरासरी 4.4 मिनिटांत तयार झाले, स्कोलीन आपोआप उतरायला 7.1 मिनिटे लागली. सोडण्याच्या शर्यतीत स्कोलीन पहिल्यांदा हरले होते.

तरी ते फ्रिजमधून हद्दपार झालेले नाही. स्वस्त आहे, आणि सुगामॅडेक्सची मोठी मात्रा आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयाला परवडेल अशी गोष्ट नाही. शिवाय सुगामॅडेक्स रोक्युरोनियमला पकडते, बंद वाटेला नाही. गाठीने स्वरयंत्र अडलेल्या माणसाला रिलॅक्संट दिले आणि वाट सापडली नाही, तर औषध उतरवूनही गाठ तिथेच असते. अशा जागी दुर्बीण जागेपणी घालणे किंवा गळ्याला छेद देणे हाच शहाणपणा. स्वरतंतू खरोखर लुळे आहेत का, बाळाचे स्वरयंत्र श्वास घेताना आत कोसळते का, हे तपासायचे असेल तर रिलॅक्संट मुळीच चालत नाही. औषधाने लुळा पडलेला तंतू आणि आजाराने लुळा पडलेला तंतू दुर्बिणीतून सारखेच दिसतात. तिथे हलकी झोप, घशावर बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा आणि मुलाचा स्वतःचा श्वास.

आणि आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग, श्वासवाटेत बी गेलेले मूल. शेंगदाणा, सीताफळाची बी, चिंचोका. शेंगदाणा ओलावून ठिसूळ होतो आणि चिमट्यात चुरतो, चिंचोका फुगून नळी घट्ट धरतो, सीताफळाची बी गुळगुळीत असल्याने निसटते. इथे भूलतज्ज्ञांचे अजूनही दोन तट आहेत. एक म्हणतो मुलाला स्वतःचा श्वास घेऊ द्या, जोर लावून हवा दिली तर बी आणखी खोल जाईल. दुसरा म्हणतो रिलॅक्संट द्या, कडक दुर्बीण आत असताना मूल एकदा खोकले तर श्वासनलिका फाटेल. दोन्हीकडे हातखंडा माणसे आहेत, आणि माझ्या मते कोणाचा हात कशावर बसलेला आहे यावर बरेच ठरते. मात्र बी चिमट्यात धरून दुर्बिणीसकट बाहेर काढताना ती स्वरतंतूंपाशी येते, त्या क्षणाबद्दल दोघांचे एकमत आहे. तंतू तेव्हा मिटले तर बी चिमट्यातून निसटून मुख्य श्वासनलिकेतच अडकते आणि दोन्ही फुप्फुसे बंद होतात. म्हणून पहिल्या तटाचा भूलतज्ज्ञसुद्धा सिरिंजमध्ये थोडे स्कोलीन भरून ठेवतो, आणि निसटलीच तर बी पुन्हा मागे, एका बाजूच्या नळीत ढकलायची, म्हणजे दुसऱ्या फुप्फुसावर मूल तगते आणि चिमटा परत लावायला वेळ मिळतो.